वाचकांचे प्रश्न : पॉवर बटणाची ओळख कर्नलला कशी करून द्यावी?

यंत्र बंद-चालू करणाऱ्या बटणाविषयी कोकण किनारपट्टीवरून आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. रत्नागिरीच्या पत्रातील प्रश्न मूलभूत असल्यामुळे त्याला सर्वांत अधिक जागा दिली आहे. पुढील पत्रांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच उत्तरावर उभी आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. बंदराजवळच्या मासळीच्या शीतगृहांसाठी आम्ही तापमानाची नोंद ठेवणारे एक छोटे यंत्र बनवले आहे. आत लिनक्सवर चालणारा, तळहाताएवढा बोर्ड आहे. यंत्र नीट बंद करता यावे म्हणून पेटीवर एक दाबबटण बसवले असून त्याचे एक टोक बोर्डाच्या जीपीआयओ पिनला (प्रोग्रॅमने वाचता किंवा बदलता येणाऱ्या सर्वसाधारण पिनला) आणि दुसरे ग्राउंडला जोडले आहे. सध्या पायथनमधील एक प्रोग्रॅम ती पिन सतत वाचत राहतो आणि बटण दाबलेले दिसले की शटडाउनची आज्ञा देतो. हा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की बटणाचा उपयोग राहत नाही. मग कामगार सरळ वायर काढतात आणि मेमरी कार्डावरील नोंदी खराब होतात. बटणाची माहिती थेट कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, द्यावी, असे एका परिचिताने सुचवले. ती कशी द्यायची, आणि दिल्याने नेमके काय बदलते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या परिचितांची सूचना योग्य आहे. आज आपल्या यंत्रात ‘ही पिन म्हणजे पॉवर बटण’ ही गोष्ट फक्त त्या एका पायथन प्रोग्रॅमला ठाऊक आहे. उरलेल्या सगळ्या व्यवस्थेच्या दृष्टीने ती एक निनावी पिन आहे, आणि म्हणून तो प्रोग्रॅम थांबला की बटणाचा अर्थही त्याच्यासोबत नाहीसा होतो. हीच माहिती कर्नलला दिली, तर आपले बटण लॅपटॉपवरील पॉवर बटणाच्या पंक्तीत जाऊन बसते आणि यंत्र व्यवस्थित बंद करण्याची जी यंत्रणा लिनक्समध्ये आधीपासूनच आहे, ती आपोआप कामाला लागते. त्यासाठी नवा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा कर्नलचा भाग, लिहावा लागत नाही. ‘जीपीआयओ-कीज’ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये अनेक वर्षांपासून आहे. आपण त्याला फक्त बटणाचे वर्णन पुरवायचे आहे.

असे वर्णन पुरवावे का लागते, हे आधी पाहू. यूएसबी कीबोर्ड जोडला की तो आपली ओळख स्वतः सांगतो. जीपीआयओ पिनवर मात्र केवळ एक विद्युतदाब असतो. त्या पिनला बटण जोडले आहे, दिवा जोडला आहे की काहीच जोडलेले नाही, हे पिनकडे पाहून कर्नलला कधीही कळू शकत नाही. पूर्वी एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी अशी माहिती सी भाषेतील वेगळ्या फाइलमध्ये लिहून ती कर्नलमध्येच घालत असत. अशा फाइलींचा पसारा इतका वाढला की 2011 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमच्या जगाने डिव्हाइस ट्रीचा मार्ग झपाट्याने धरला. मुळात ही कल्पना जुनी आहे. 1994 सालच्या आयईईई 1275 या ओपन फर्मवेअर मानकातून ती आली. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे आणि कशाला काय जोडलेले आहे, याचे कर्नलबाहेर लिहिलेले वर्णन. ते मजकूर-फाइलमध्ये लिहायचे, ‘डीटीसी’ या साधनाने त्याचे ‘डीटीबी’ हे संक्षिप्त रूप करायचे, आणि यंत्र सुरू होताना बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, ते कर्नलच्या हाती देतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण पुढील जवळजवळ सर्व चुका ती विसरल्यामुळे होतात. डिव्हाइस ट्री सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी आहे : जमीन कुठे आहे, किती आहे, तिच्यावर काय उभे आहे एवढेच त्यात असते, पुढच्या वर्षी तेथे काय लावावे हे त्यात लिहीत नाहीत. बटण कुठल्या पिनवर आहे, दाबल्यावर पिनवरील दाब वर जातो की खाली येतो आणि त्या बटणाचा अर्थ काय, हे डिव्हाइस ट्रीत लिहावे. ते दाबल्यावर यंत्र बंद करायचे, झोपवायचे की दुर्लक्ष करायचे, हा निर्णय तेथे लिहिण्याचा नव्हे; तो वरच्या थरात, सेवा आणि प्रोग्रॅम यांच्या पातळीवर घ्यायचा असतो.

आता प्रत्यक्ष वर्णन. मूळ फाइलमध्ये ही नावे अर्थातच रोमन लिपीत असतात. प्रथम एक नोड, म्हणजे वर्णनातील एका घटकाची नोंद, तयार करून त्याच्या ‘कम्पॅटिबल’ या गुणधर्मात ‘जीपीआयओ-कीज’ असे लिहावे. यावरूनच कर्नल ड्रायव्हर निवडतो. त्या नोडच्या पोटात प्रत्येक बटणासाठी एक उपनोड असतो. आपल्याकडे एकच बटण आहे, म्हणून एकच उपनोड, ‘की-पॉवर’ किंवा ‘बटन-पॉवर’ अशा नावाचा. त्यात दोन गोष्टी अत्यावश्यक आहेत : पिन सांगणारा ‘जीपीआयओज’ आणि अर्थ सांगणारा ‘लिनक्स,कोड’. यांखेरीज माणसांना वाचण्यासाठी ‘लेबल’, संपर्क स्थिरावण्याचा वेळ सांगणारा ‘डिबाउन्स-इंटरव्हल’ आणि झोपलेल्या यंत्राला या बटणाने जागे करता येते असे सांगणारा ‘वेकअप-सोर्स’ हे गुणधर्म गरजेनुसार येतात.

‘जीपीआयओज’मध्ये तीन भाग असतात आणि येथे घाई करू नये. पहिला भाग म्हणजे पिन ज्या जीपीआयओ नियंत्रकाच्या ताब्यात आहे त्याचा निर्देश. अनेक चिपांमध्ये असे एकाहून अधिक नियंत्रक असतात. दुसरा भाग म्हणजे त्या नियंत्रकातील पिनचा क्रमांक, आणि बोर्डावरील जोडपट्टीचा क्रमांक तो नव्हे. उदाहरणार्थ, रास्पबेरी पायवर जोडपट्टीवरील पाचवी पिन ही जीपीआयओ 3 आहे. येथे 5 लिहिल्यास कर्नल तक्रार न करता भलतीच पिन ऐकत बसेल. सामान्यतः तिसरा भाग दिशा सांगतो. आपले बटण ग्राउंडला जोडलेले आहे, म्हणजे दाबल्यावर दाब शून्यावर येतो, आणि म्हणून येथे ‘जीपीआयओ अ‍ॅक्टिव्ह लो’ असे लिहिले पाहिजे. ही दिशा उलटी लिहिली, तर बटणाला कोणी हात लावलेला नसतानाही ते दाबलेलेच आहे असे कर्नल समजतो. बोट ठेवल्यावर ‘सोडले’ आणि बोट उचलल्यावर ‘दाबले’ अशी बातमी वर जाते. बोट उचलल्यानंतरच यंत्र बंद होऊ लागते असे दिसल्यास प्रथम येथेच पाहावे.

बटण उघडे असताना पिन अधांतरी राहू नये म्हणून तिला 3.3 व्होल्टकडे ओढून धरणारा रोध, म्हणजे पुल-अप, लागतो. तो चिपच्या आतला वापरायचा असेल तर पिन-नियंत्रणाच्या नोडमध्ये तसे लिहावे लागते. बाहेरून लावायचा असेल तर बोर्डावर. समुद्राजवळ बाहेरचा रोध का बरा, हे मालवणच्या पत्राच्या उत्तरात आले आहे.

‘लिनक्स,कोड’मध्ये पॉवर कीचा ठरलेला क्रमांक 116 लिहावा. कर्नलच्या मूळ फाइलींसोबत संकलन करत असाल तर अंकाऐवजी ‘की पॉवर’ हे स्थिरांकाचे नाव वापरावे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो. आपल्या सोयीचा दुसरा एखादा क्रमांक घालून तो आपल्याच प्रोग्रॅममध्ये ओळखायचा मोह होतो. तसे केल्यास आपण फिरून मूळ अडचणीपाशीच येऊ, कारण बटणाचा अर्थ पुन्हा एका प्रोग्रॅमपुरता उरेल.

एवढे वर्णन मिळाल्यावर जे घडते ते असे. ड्रायव्हर ती पिन स्वतःच्या ताब्यात घेतो आणि तिच्यावर इंटरप्ट (पिन बदलताच प्रोसेसरला मिळणारा इशारा) लावतो, त्यामुळे पिन पुन्हापुन्हा वाचत राहण्याची गरज संपते. बटण दाबताना धातूचे संपर्क काही क्षण थरथरतात आणि एका दाबण्याचे अनेक दाब भासू शकतात; म्हणून ड्रायव्हर ठरलेला वेळ थांबून, पिन स्थिरावल्यावरच बातमी पुढे देतो. हा वेळ लिहिला नाही तर 5 मिलिसेकंद धरला जातो. साध्या दाबबटणासाठी 30 ते 50 मिलिसेकंद ठेवावेत, असे माझे मत आहे. त्यानंतर कर्नलच्या इनपुट व्यवस्थेतून ‘116 क्रमांकाची की, मूल्य 1’ अशी घटना बाहेर पडते आणि बोट उचलल्यावर तीच घटना मूल्य 0 सह येते. सिस्टमडी (लिनक्सवरील सेवा सुरू करणारी व सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रावर ‘लॉगइंड’ ही सेवा अशा घटनांकडे लक्ष ठेवून असते, आणि तिची मूळची नेमणूकच अशी आहे की पॉवर की आली की यंत्र रीतसर बंद करावे. मात्र ती प्रत्येक इनपुट साधन ऐकत नाही. ज्यांवर यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या साधनांची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या, नियमांनी ‘पॉवर-स्विच’ अशी खूण केली आहे तेवढीच ऐकते. नेहमीच्या वितरणांत ही खूण आपोआप होते, पण आपण स्वतः छाटून बारीक केलेली प्रणाली वापरत असाल तर तो नियम शाबूत आहे ना, हे पाहावे. सिस्टमडी नसेल तर बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातील ‘एसीपीआयडी’ हे काम करू शकते, आणि राउटरांसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्समध्ये बटणांसाठी ‘आरसी.बटन’ नावाच्या फोल्डरमधील स्क्रिप्टची सोय आहे.

आपला बोर्ड रास्पबेरी पाय असेल तर यातले बहुतेक लेखन कोणीतरी आधीच करून ठेवले आहे. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाइलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ हा ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला वरून जोडायचा तयार तुकडा) एका ओळीने मागवला, की वर सांगितलेलाच नोड डिव्हाइस ट्रीला जोडला जातो. काही न सांगितल्यास तो जीपीआयओ 3, खालची दिशा, वर ओढणारा रोध आणि 100 मिलिसेकंदांचा डिबाउन्स धरतो. जीपीआयओ 3 हीच आय-टू-सी जोडणीची (दोन तारांवरून सेन्सर व चिपा जोडण्याच्या पद्धतीची) घड्याळ-रेषाही आहे. आपल्या पेटीत तापमानाचा सेन्सर किंवा वेळ राखणारी चिप आय-टू-सीवर असेल, तर दोन्ही एकाच पिनवर नांदू शकत नाहीत. मग बटणासाठी दुसरी पिन घ्यावी, किंवा ‘आय-टू-सी-जीपीआयओ’ या ओव्हरलेने सेन्सरची जोडणी अन्य पिनांवर हलवावी.

बदल केल्यावर तपासणी क्रमाने करावी. जुना पायथन प्रोग्रॅम आधी काढून टाकावा, कारण पिन एका वेळी एकाच्याच ताब्यात राहते. ‘प्रॉक’मधील ‘डिव्हाइस-ट्री’ फोल्डरमध्ये आपला नोड दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर चूक बूटलोडरकडे आहे, ड्रायव्हरकडे नाही. नोड दिसतो पण इनपुट साधन तयार झालेले नाही, असे असेल तर कर्नलच्या बांधणीत ‘कीबोर्ड जीपीआयओ’ हा पर्याय निवडला आहे का ते पाहावे. पुढे ‘ईव्हीटेस्ट’ हे साधन चालवून बटण दाबावे आणि 116 ची घटना प्रत्येक दाबाला एकदाच येते याची खात्री करावी. या चाचणीत यंत्र दरवेळी बंद होऊ नये म्हणून ‘सिस्टमडी-इनहिबिट’ने पॉवर कीची हाताळणी तेवढ्यापुरती रोखून ठेवता येते.

या उपायाची मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. घटना कर्नल देतो, पण यंत्र बंद करण्याची प्रक्रिया वरच्या थरातील सेवाच सुरू करते. मेमरी भरून सगळी प्रणाली घुसमटली असेल, तर पॉवर कीची घटना येऊनही काही होणार नाही. अशा वेळी कर्नलवर अवलंबून नसलेला, थेट विद्युत पातळीवर वीज तोडणारा मार्ग हाताशी असणे आवश्यक आहे. शिवाय अचानक वीज गेल्यावर कार्ड सुरक्षित राहावे यासाठी मूळ फाइलप्रणाली केवळ-वाचन स्वरूपात ठेवून नोंदी वेगळ्या विभागात लिहिणे हिताचे. बटण कितीही चांगले बसवले तरी कोणीतरी वायर ओढणारच, हे आपण आपल्या पत्रातच नोंदवले आहे.

प्रश्न : आंब्याच्या रायपनिंग चेंबरमधील आमच्या यंत्राला आपण सांगता तसाच नोड लिहिला आहे. बटण दाबल्यावर यंत्र व्यवस्थित बंद होते, पण त्याच बटणाने पुन्हा सुरू होत नाही. ‘वेकअप-सोर्स’ लिहूनही फरक पडला नाही.
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपला नोड बरोबर आहे, अपेक्षा मात्र चुकीच्या ठिकाणी ठेवली गेली आहे. यंत्र पूर्ण बंद झाल्यावर कर्नल चालतच नसतो, मग त्याला दिलेले वर्णन वाचणार कोण? ‘वेकअप-सोर्स’चा उपयोग यंत्र निलंबित अवस्थेत, म्हणजे मेमरी जागी ठेवून झोपलेले असताना होतो. संपूर्ण बंद अवस्थेतून उठवण्याचे काम कर्नलच्या खालच्या कोणीतरी केले पाहिजे, आणि तो ‘कोणीतरी’ प्रत्येक बोर्डावर वेगळा असतो.

रास्पबेरी पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर हे काम फर्मवेअर करते : थांबलेल्या अवस्थेत जीपीआयओ 3 ग्राउंडला टेकवली की बोर्ड पुन्हा सुरू होतो, आणि ‘जीपीआयओ-शटडाउन’ने तीच पिन मूळ निवड म्हणून घेतली आहे ती यामुळेच. पाय 4 वर ही सोय बूटलोडरच्या ‘वेक ऑन जीपीआयओ’ या मांडणीने चालू-बंद करता येते, तेव्हा ती कोणी बंद केलेली नाही ना, हे पाहावे. 2023 साली आलेल्या पाय 5 वर पॉवर बटण बोर्डावरच आहे आणि बाहेरचे बटण जोडण्यासाठी ‘जे2’ ही वेगळी जागा आहे. तेथे जीपीआयओ पिनची खटपट करण्याचे कारण नाही.

इतर अनेक बोर्डांवर वीज-व्यवस्थापनाची स्वतंत्र चिप असते, आणि बटणाची योग्य जागा तिच्याच पिनवर आहे. बीगलबोन ब्लॅकवर टीपीएस65217 ही चिप आहे; ऑलविनर ए20 च्या पुष्कळ बोर्डांवर एएक्सपी209 आहे. बॅटरी जोडलेली असेल तोवर ही चिप जागी असते, त्यामुळे बटण दाबताच तीच बोर्डाला वीज देते. यंत्र चालू असताना तेच बटण दाबले, तर चिप कर्नलला इंटरप्ट देते आणि तिचा स्वतःचा ड्रायव्हर पॉवर कीची घटना पाठवतो. अशा बटणाचे वर्णन ‘जीपीआयओ-कीज’मध्ये करू नये. ते त्या चिपच्या नोडखाली, तिच्या पॉवर-की ड्रायव्हरच्या नावाने येते, आणि बहुतेक बोर्डांच्या मूळ डिव्हाइस ट्रीत ते आधीच लिहिलेले सापडते.

आपल्या बोर्डावर यांपैकी काहीच नसेल आणि बॅटरीची बचत महत्त्वाची असेल, तर वीज धरून ठेवणारे लॅच सर्किट बाहेर बांधावे लागेल. बटण दाबल्यावर लॅच वीज देते, आणि कर्नल आपले सर्व काम आवरून शेवटच्या क्षणी एका पिनद्वारे लॅचला वीज सोडायला सांगतो. या शेवटच्या इशाऱ्यासाठी ‘जीपीआयओ-पॉवरऑफ’ हा वेगळा नोड आहे. त्यातही पिन आणि दिशा याच दोन गोष्टी जपाव्या लागतात. इशारा दिल्यानंतर मूळ मांडणीप्रमाणे 3 सेकंदांत वीज गेली नाही तर कर्नल इशारा-संदेश देतो, आणि तो संदेश दिसणे म्हणजे लॅचने आपले काम केले नाही असे समजावे.

प्रश्न : जेटीवर बसवलेले आमचे हवामान-नोंदणीचे यंत्र कोरड्या दिवसांत उत्तम चालते, पण पाऊस सुरू झाला की रात्री-बेरात्री आपोआप बंद होते. नोंदींमध्ये ‘पॉवर की दाबली’ असा संदेश दिसतो, आणि त्या वेळी तेथे कोणीही नसते. डिबाउन्स वाढवून पाहिला. काही दिवस बरे चालले, मग पुन्हा तेच. पुल-अप चिपच्या आतलाच वापरला आहे.
— एक वाचक, मालवण

उत्तर : नोंदींतील तो संदेश आपण पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे प्रश्न अर्धा सुटला. यंत्र आपल्या मनाने बंद होत नाही; पिनवरील दाब खरोखरच खाली येतो आहे, आणि कर्नल दिलेल्या वर्णनाशी प्रामाणिक राहून बटण दाबल्याची बातमी देतो आहे. दोष वर्णनात नसून तारेत आहे.

समुद्रावरच्या वाऱ्यासोबत येणारे मीठ बटणाच्या मागच्या टोकांवर आणि सर्किट बोर्डावर साचते. कोरड्या हवेत त्याचा उपद्रव जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतील ओल शोषून घेते आणि त्या थरातून पिन व ग्राउंड यांच्यामध्ये वीज पाझरू लागते. चिपच्या आतला पुल-अप दुबळा असतो; रास्पबेरी पायवर तो साधारण 50 किलोओहमचा आहे. समजा ओल्या थराचा रोध 20 किलोओहम झाला. मग 3.3 व्होल्टपैकी पिनवर जेमतेम 0.94 व्होल्ट उरतात, आणि चिप ते ‘खाली’ असे वाचण्याची पुरेपूर शक्यता असते. त्याच जागी बाहेरून 4.7 किलोओहमचा रोध 3.3 व्होल्टकडे लावला, तर तेवढ्याच ओलीत पिनवर 2.67 व्होल्ट राहतात आणि बटण न दाबलेलेच दिसते. या बदलाची किंमत एवढीच की बटण दाबलेले असताना 0.7 मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो, आणि बटण क्षणभरच दाबायचे असल्यामुळे त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

डिबाउन्स वाढवणे हा येथे उपाय नव्हे. संपर्कांची थरथर मिलिसेकंदांत मिटते. ओल तासन्‌तास टिकते. डिबाउन्स कितीही वाढवला तरी तेवढा वेळ खाली राहिलेला दाब कर्नलला शेवटी खरा मानावाच लागेल. आपल्याला मधले काही दिवस बरे गेले ते बहुधा उघडिपीमुळे असावेत.

पेटी उघडाल तेव्हा आणखी काही कामे सोबतच उरकावीत. बटणापर्यंतची तार लांब असेल तर पिनजवळ 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि तारेच्या मार्गात 470 ओहमचा रोध लावावा. वळवाच्या विजांच्या काळात लांब तारेवर उठणाऱ्या झटक्यांपासून त्याने बराच आधार मिळतो, आणि दाबलेल्या अवस्थेतील दाब 0.3 व्होल्टच्या आसपासच राहत असल्याने वाचनात अडचण येत नाही. सर्किट बोर्ड आणि बटणाची मागची टोके स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, त्यांवर संरक्षक लेप द्यावा. मीठ खाली ठेवून वरून लेप दिल्यास नुकसान आतच चालू राहते. आयपी67 दर्जाचे बटण घेणे चांगलेच, पण तो दर्जा धूळ आणि पाणी यांच्याविषयी आहे, मिठाने होणाऱ्या गंजाविषयी नाही, आणि मागची टोके तर पेटीच्या आतच असतात. म्हणून शक्य असेल तर बटण पेटीच्या खालच्या बाजूला, तोंड जमिनीकडे राहील असे बसवावे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील साध्या पीसीवर लिनक्स टाकले तर पॉवर बटण लगेच चालते. तेथे डिव्हाइस ट्री कोणी लिहिलेली नसते. मग कर्नलला कसे कळते?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : तेथेही वर्णन असतेच, फक्त ते मदरबोर्ड बनवणाऱ्याने लिहून फर्मवेअरमध्ये ठेवलेले असते. एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून कर्नल ते वाचतो. पॉवर बटण एक तर एसीपीआयच्या ठरलेल्या हार्डवेअर नोंदींचा भाग असते, किंवा तक्त्यात ‘पीएनपी0सी0सी’ या ओळखीने नोंदलेले असते. कर्नलमधील बटणाचा ड्रायव्हर त्यावरून तीच 116 क्रमांकाची घटना देतो, आणि तेथून पुढचा रस्ता रत्नागिरीच्या यंत्रासारखाच आहे. आपल्या प्रयोगशाळेतील पीसीवर ‘ईव्हीटेस्ट’ चालवून ‘पॉवर बटन’ या साधनाची घटना आपण स्वतः पाहू शकाल, अवश्य पाहा.

प्रश्न : एकाच बटणाने दोन कामे हवी आहेत. थोडक्यात दाबल्यास नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात, आणि दाबून धरल्यास यंत्र बंद व्हावे. हे डिव्हाइस ट्रीत कसे लिहावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : डिव्हाइस ट्रीत ते लिहू नये. किती वेळ दाबले म्हणजे काय करायचे, हा आपला निर्णय आहे, बोर्डाचे वर्णन नव्हे. नोड जसा आहे तसाच राहू द्यावा. कर्नल दाबल्याची आणि सोडल्याची वेळ दोन्ही घटनांसोबत देतोच.

लॉगइंडच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘हँडल पॉवर की’ आणि ‘हँडल पॉवर की लाँग प्रेस’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्याची मूळ निवड यंत्र बंद करणे ही आहे, दुसऱ्याची दुर्लक्ष करणे ही. आपण पहिल्याला ‘इग्नोर’ आणि दुसऱ्याला ‘पॉवरऑफ’ द्यावे. लॉगइंड 5 सेकंदांच्या दाबाला दीर्घ दाब मानते. थोडक्या दाबावर नोंदी उतरवण्याचे काम आपल्या स्वतःच्या छोट्या सेवेने तीच इनपुट घटना वाचून करावे. एक साधन एकाहून अधिक प्रोग्रॅम एकाच वेळी ऐकू शकतात, आपल्या सेवेने ते फक्त स्वतःपुरते अडवून ठेवू नये. दाबून धरण्याची सुरुवातही दाबण्यानेच होते, म्हणून आपल्या सेवेने ‘दाबले’ या घटनेवर काम सुरू न करता ‘सोडले’ या घटनेची वाट पाहावी आणि मधला वेळ मोजावा. ही सेवा बंद पडली तरी यंत्र बंद करण्याचा मार्ग मोकळा राहतो, हा या रचनेचा मोठा लाभ आहे.

बटण वीज-व्यवस्थापनाच्या चिपला जोडलेले असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागेल. अशा चिपा फार वेळ दाबून धरल्यास कर्नलला न विचारता वीज तोडतात किंवा बोर्ड रीसेट करतात : पीसीवर साधारण 4 सेकंदांनी, एएक्सपी209 वर मूळ मांडणीत 6 सेकंदांनी, टीपीएस65217 वर 8 सेकंदांनी. लॉगइंडचे 5 सेकंद आणि चिपचे 6 सेकंद यांत एकाच सेकंदाचे अंतर उरते, आणि एवढ्यात यंत्र रीतसर बंद होणे कठीण. एएक्सपी209 वर ही मुदत 10 सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती वाढवावी, आणि वापरणाऱ्यांना दिवा लुकलुकू लागताच बोट उचलायला सांगावे. तो दिवा आपली सेवाच पेटवू शकते.